शनिवारीच उरकून टाकलं!

उरकलं. शनिवारी रात्रीच उरकून टाकलं च्यायला! एफवनची, म्हणजे फॉर्म्युला वनची, कतारची मेन रेस आज, ८ ऑक्टोबर २०२३ ला, व्हायचीय, तिच्यानंतर आणखी पाच रेसेस आहेत पार नोव्हेंबर संपेपर्यंत, आणि २०२३ चा चॅम्पियन, रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन, काल स्प्रिंटमध्येच, म्हणजे आदल्या दिवशीच्या छोट्या रेसमध्येच, ठरून मोकळा. चटावरचं श्राद्ध उरकावं तशी ती १९ लॅपची स्प्रिंट, त्यात तीन वेळा सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू, रांगेत चालवणारी गाडी), आणि त्यात जागतिक विजेतेपदाचा निकाल.

बरं, ठरला तरी कसा? चाकाला चाक लावून? शेवटच्या वळणावर ब्रेक उशिरा मारून? छे. पेरेझ, ओकॉन आणि हुल्केनबर्ग एकमेकांत घुसले, पेरेझ ट्रॅकबाहेर जाऊन बसला, झालं. मॅक्सला तीन गुण हवे होते, म्हणजे सहावा नंबर आला असता तरी भागत होतं. तेवढंही करायची वेळ आली नाही. गुणांमध्ये त्याला गाठू शकणारा जगातला एकमेव माणूस त्याचाच टीममेट, आणि तोच बाद झाला. ज्या क्षणासाठी आपण मार्चपासून बसलोय, त्या क्षणी आमचे नवे, म्हणजे जुनेच, विश्वविजेते काय करत होते? सेफ्टी कारच्या मागे रांग धरून टायर गरम ठेवत होते. लग्नात मुहूर्त टळून गेल्यावर कोणीतरी सांगावं, "अहो, अक्षता टाका, लागलं मगाशीच," तसं.

आणि गंमत म्हणजे ती स्प्रिंट मॅक्सने जिंकलीच नाही. पियास्ट्रीने जिंकली. पहिलाच सीझन खेळणारा पोरगा, मॅक्लारेन घेऊन, पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, निघाला, मध्ये मर्सिडीजच्या रसेलने वेगवान सॉफ्ट टायरवर गाठून मागे टाकलं, तर पठ्ठ्याने परत जागा मिळवून जिंकून दाखवलं. सबंध रात्रीत बघण्यासारखं काही असेल तर एवढंच. आणि कॅमेरा कोणावर? दुसऱ्या आलेल्यावर. पोराचा एफवनमधला पहिला स्प्रिंट विजय, आणि त्याला धड त्याचा फोटोही मिळू देईनात.

मी फोनचा ब्राइटनेस कमी करून, एका कानात इअरफोन घालून अंधारात बसलो होतो. आई पाणी प्यायला उठली होती. दारातूनच विचारलं, "झालं का रे? तोच ना?" आईला एफवनमधलं ओ की ठो कळत नाही. तिला लॅप म्हणजे काय हेही माहीत नाही. पण "तोच ना" माहीत आहे. यापुढे अजून काय बोलायचं?

पण सगळ्यात डोकं कशाने फिरतं सांगू? एकच माणूस जिंकतो याने नाही. जिंकू दे बापडा, चालवतो तर तो देवासारखी. डोकं फिरतं ते गेले दोन महिने चाललेल्या "गणिताच्या दृष्टीने अजून शक्य आहे" या तुणतुण्याने. कसलं गणित? बहारीनची पहिली रेस झाली तेव्हाच रसेल बोलून गेला होता की रेड बुल या वर्षी सगळ्याच रेसेस जिंकतील. लोक हसले. आता मोजा. कतारच्या आधी १६ रेसेस झाल्या, त्यातल्या १५ रेड बुलच्या. १३ मॅक्स, २ पेरेझ. मे ते सप्टेंबर सलग दहा रेसेस एकट्या मॅक्सच्या. व्हेटेलचा सलग नऊ विजयांचा विक्रम मोडला तेव्हा मर्सिडीजचा बॉस टोटो वुल्फ म्हणे, असले आकडे विकिपीडियापुरते, कोण वाचतंय. वा रे वा! हे बोलतंय कोण, तर ज्यांनी ओळीने आठ वर्षं कन्स्ट्रक्टर्सची, म्हणजे टीमची, ट्रॉफी घरी नेली ते मर्सिडीजवाले. तेव्हा आम्ही काय वाचत होतो मग?

जपानचं सुझुका आठवतंय ना? पंधराच दिवस झाले. मला तर ते या जन्मात विसरता यायचं नाही. पेरेझने सुरुवातीलाच टक्कर मारून घेतली, पुढचा पंख बदलला, सेफ्टी कारच्या वेळी ओव्हरटेक करून पेनल्टी घेतली, मग हेअरपिनला मॅग्नुसेनला ठोकून दुसरी पेनल्टी घेतली, आणि शेवटी गाडी गॅरेजमध्ये लावली. माणूस हेल्मेट काढून बसला. संपलं? नाही! वीस-पंचवीस लॅप झाल्यावर त्याला पुन्हा हेल्मेट चढवून, पुन्हा गाडीत कोंबून ट्रॅकवर पाठवला. कशाला, तर ती पाच सेकंदांची पेनल्टी भोगून यायला. नाहीतर ती पुढच्या रेसला चिकटली असती. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, हे घोडं तबेल्यात जाऊन, खरारा करून, परत वरातीत आलं. पेनल्टी भोगली, परत गॅरेज, परत रिटायर. एका रेसमध्ये दोनदा रिटायर झालेला माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला. आणि त्याच दिवशी रेड बुलने कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली. सहा रेसेस शिल्लक ठेवून! एक गाडी गॅरेजमधून ये-जा करतेय आणि दुसरी एकटी १९ सेकंदांनी जिंकतेय, तेवढ्यावर टीमचं विजेतेपद. बाकीच्या नऊ टीम्सनी ते दुपारी गुपचूप सामान भरून निघून जायला हवं होतं. मी तर गेलोच असतो.

त्याच्या आधीच्या रविवारी सिंगापूर झालं नसतं तर इतकं लागलं नसतं. ती आशा फार वाईट. रेड बुलची एकही गाडी पहिल्या दहात क्वालिफाय झाली नाही, मॅक्स अकरावा, पेरेझ तेरावा, आणि मी घरात अक्षरशः नाचलो. आणि रेस! शेवटचे लॅप आठवा. फेरारीचा साइन्झ पुढे, मागे मॅक्लारेनचा नॉरिस, त्यांच्या मागे ताजे टायर घातलेल्या दोन मर्सिडीज शिकारीला निघालेल्या. साइन्झने काय करावं? पळून जावं की नाही? तर हा गडी मुद्दाम वेग कमी करून नॉरिसला आपल्या एका सेकंदाच्या आत ठेवत होता. त्याला डीआरएस (मागचा पंख उघडून मिळणारा जादा वेग) मिळावा, म्हणजे तो मर्सिडीजना मागे थोपवून धरेल. शत्रूच्याच हातात ढाल द्यायची आणि त्याच्यामागे आपण लपायचं! रसेल शेवटच्या लॅपला भिंतीला घासून गेला. पहिल्या दोघांत सेकंदभराचंही अंतर नव्हतं. यासाठी बघतो हो आपण हे. दोनशे किलोमीटरच्या पुढे गाडी पळत असताना आरशात बघून बुद्धिबळ खेळणारी माणसं बघायला.

मला वाटलं, फिरलं वारं. नव्या नियमांनी काहीतरी केलं असेल, गाडीचं गुपित फुटलं असेल. पुढच्याच शनिवारी सुझुकाच्या क्वालिफायिंगला दुसऱ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाहून जास्त पुढे. ये रे माझ्या मागल्या.

आणि बेल्जियमच्या स्पाचं काय? गिअरबॉक्सची पेनल्टी म्हणून सहावरून सुरुवात. आपण मूर्ख, वाटतं, चला, आज जरा घाम गाळेल. जिंकला, टीममेटपेक्षा २२ सेकंदांनी. वर रेडिओवरून इंजिनियरला विचारतोय की आणखी जोर लावून एखादा जास्तीचा पिट स्टॉप करू या का, पोरांचा सरावही होईल! सराव! चालू रेसमध्ये! इंजिनियर नको म्हणाला, नाहीतर मधल्या लॅपला गाडी धुऊनही घेतली असती. मायामीला नवव्या नंबरवरून जिंकला. हंगेरीला ३३ सेकंदांनी. तेहतीस सेकंद म्हणजे तो चेकर्ड फ्लॅग घेऊन गेला, आणि मी डोळे चोळून परत स्क्रीनकडे बघितलं तरी दुसरा आलेला नव्हता. डायरेक्टर बिचारा काय दाखवणार? तो आपला बाराव्या-तेराव्या नंबरची मारामारी दाखवतो आणि कॉमेंटेटर त्यावर असा घसा फोडतो की जणू पानिपत चाललंय.

वर आपले शहाणे लोक. "अरे, आपण इतिहास घडताना बघतोय!" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर कोणी उच्चारलं तर मी जबाबदार नाही. इतिहास आम्ही शाळेत पण बघितला, तासाला झोपच यायची.

नियम म्हणे बदललेत. खर्चाला मर्यादा घातली. चॅम्पियन टीमला विंड टनेलचा, म्हणजे गाडीवर वारा सोडून तपासायचा, वेळ सगळ्यात कमी आणि शेवटच्या टीमला सगळ्यात जास्त, असा न्याय केला. रेड बुलने २०२१ ची मर्यादा ओलांडली म्हणून ७० लाख डॉलर दंड केला, वर तो टेस्टिंगचा वेळ आणखी १० टक्के कापला. आता अद्दल घडेल म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या. अद्दल घडली ती ही. हात बांधून मारतायत. बाकीच्यांना वेळ जास्त दिलाय तर ते त्या वेळात करतात काय नक्की? फेरारी तर दरवर्षी फेब्रुवारीत विश्वविजेती असते, मग मार्च उजाडतो.

धड जल्लोष तरी? गेल्या वर्षी पावसात अर्धीमुर्धी झालेली सुझुकाची रेस, गुण पूर्ण देणार की निम्मे हेच कोणाला ठाऊक नाही, आणि खुद्द मॅक्सला इतरांनी सांगावं लागलं की बाबा तू चॅम्पियन झालास. या वर्षी सेफ्टी कारच्या मागे. आपल्या दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला २०११ ते १३ तीन रेसेस झाल्या आणि तिन्ही व्हेटेलने नेल्या, तेव्हाही मी शिव्या घातल्या होत्या, पण निदान त्या रविवारी नेल्या हो. चौथं विजेतेपद तिथे घेऊन मैदानासमोर गोल गोल गाडी फिरवून धूर तरी काढला होता. काहीतरी सणासारखं वाटलं होतं.

दोष खरं तर २०२१ चा. शेवटच्या रेसला मॅक्स आणि हॅमिल्टन दोघंही ३६९.५ गुणांवर, अर्ध्या गुणाचाही फरक नाही. त्या वर्षाने सवयी बिघडवल्या. त्याच वर्षी ज्यांनी बघायला सुरुवात केली ते आता मला विचारतात, "हे असं आधी पण असायचं का?" आम्ही गंभीर चेहरा करून सांगतो, छे, आधी असं नव्हतं.

धादांत खोटं. आधी असंच होतं. फक्त तेव्हा मला आवडायचं.

२००२. फेरारीचा शूमाकर. १७ रेसेस, १७ वेळा पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत, जुलैमध्येच विजेतेपद खिशात, सहा रेसेस बाकी. मी कंटाळलो होतो का? छे हो. मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करत होतो. ऑस्ट्रियाला त्याचा टीममेट बॅरिकेलोने सगळी रेस पुढे राहून शेवटच्या काही मीटरवर शूमाकरला वाट करून दिली, सगळं स्टेडियम शिट्या मारत होतं, आणि मी मित्रांना समजावत होतो की टीमचा खेळ आहे, यात व्यापक विचार असतो. व्यापक विचार! माझा एक मॅक्लारेनवाला मित्र तेव्हा हात जोडून म्हणायचा की अरे मजा गेली रे यातली. त्याच्या वाट्याला वर्षभरात एक मोनॅको आलं होतं. मी त्याला काय ऐकवायचो, तर "श्रेष्ठत्वाचं कौतुक करायला शिक. आपण इतिहास घडताना बघतोय."

हो. वाक्य माझंच आहे. आपला तो बाब्या.

हा मॅक्लारेनवाला मित्र काहीही विसरत नाही. पियास्ट्री पहिला, नॉरिस तिसरा, २१ वर्षांचं व्याज वसूल झालेलं, त्यामुळे काल मध्यरात्री स्वारी खुशीत होती. मेसेज आला: "कौतुक करायला शिक." खाली एक लाल गोल काढलेला. म्हणजे कॅलेंडरचंही लक्षात आहे नालायकाच्या.

मी उत्तर दिलं नाही. देणार काय? आमची बारा जणांची फँटसी लीग आहे आणि मार्चमध्ये मी तिथे जाहीर केलं होतं की या वर्षी तत्त्व म्हणून मॅक्सला टीममध्ये घेणार नाही. एकदाही घेतला नाही. कतारसाठी दुप्पट गुणांचा मान मी, फार विचार करून, पेरेझला दिला होता.

यादीत माझ्या खाली आता एकच जण उरलाय. तो पासवर्ड विसरल्यामुळे एप्रिलपासून खेळत नाहीये.