बिनपाण्याने गाडी पुसली तर पेंट खराब होतो का? सोसायटीतल्या सगळ्यांनी जरा वाचा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस झाले एकच वाद चाललाय. टँकरचं बिल वाढलं म्हणून कमिटीने पाईप लावून गाड्या धुणं बंद केलं आणि आता एक वॉटरलेस वॉशवाला महिन्याच्या पॅकेजवर रोज येऊन स्प्रे मारून गाड्या पुसून देणार असं ठरतंय. अर्धे म्हणतात पाणी वाचेल, अर्धे म्हणतात पेंटची वाट लागेल. ग्रुपवर एवढं टाईप केलं तर कोणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी हे सांगतो की पाईप बंद केला ते फार चांगलं केलं. मी मूळचा लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आई तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासला वापरायची, ते डोळ्यासमोर असताना पुण्यात बसून पिण्याच्या पाण्याचा पाईप बोनेटवर सोडून फोनवर बोलत उभा राहणारा माणूस बघितला की मला खरंच सहन होत नाही. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लावला होता, आपल्याकडेही ती वेळ येऊ शकते.

पण म्हणून कसंही पुसून चालणार नाही, कारण हे मी भोगलंय. दोन वर्षांपूर्वी असंच पॅकेज घेतलं होतं. माझी गाडी काळी. रोज सकाळी चकाचक दिसायची, मी खूश. मग एकदा रात्री बेसमेंटमध्ये चावी पडली म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला आणि उजेड बोनेटवर गेला, तर त्या उजेडाभोवती बारीक बारीक गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, पार काचेपासून ग्रिलपर्यंत. दाराच्या हँडलखाली तर सरळ ओरखडे, बोटं फिरतात तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर खाली जाऊन बघितलं तर तो मुलगा एकाच फडक्याने ओळीने आठ गाड्या पुसत होता, माझी सहावी. स्प्रेचे दोन फवारे मारायचे आणि गोल गोल घासायचं. त्या मुलाची चूक नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं आणि फडकी पण एक-दोनच दिली होती.

आता मुद्दा असा आहे की पेंटवर ओरखडे त्या स्प्रेने पडत नाहीत, धूळ घासली गेल्यामुळे पडतात. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. आणि आपल्या समोर दोन टॉवरचं काम चालू आहे, दिवसभर क्रश सँडचे डंपर जातात. ती पूड म्हणजे काळा दगडच बारीक केलेला, त्याचे कण काचेपेक्षा कडक असतात, मग क्लिअर कोटचं काय घेऊन बसलात. स्प्रेमधलं केमिकल त्या कणांना ओलं करून बुळबुळीत करतं, कण फडक्यात उचलले जातात आणि घासत नाहीत, अशी ती आयडिया. आयडिया खरी आहे, पण धुळीचा थर पातळ असेल तरच. बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असेल, खाली चिखलाचे शिंतोडे वाळलेले असतील, तर कुठलाही स्प्रे पुरत नाही, भले बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

आणि जे म्हणतायत की त्यापेक्षा आम्ही रोज कोरडा फडका मारू, त्यांना हात जोडून विनंती, तेवढं करू नका. कोरडा फडका सगळ्यात वाईट, त्यात तर बुळबुळीतपणाच नाही. पक्ष्याची शीट असेल तर तिच्यावर ओला फडका पाच मिनिटं ठेवायचा आणि मग अलगद उचलायचा, नखाने खरवडायची नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. गाडी सावलीत आणि बोनेट गार झालेलं पाहिजे, गरम पत्र्यावर स्प्रे लगेच वाळतो. एका वेळी एकच पॅनल, स्प्रे मारताना कंजूषी नाही, अर्धा मिनिट थांबायचं. जाड मायक्रोफायबर, दोनदा दुमडून चौपदरी घडी केली की आठ बाजू मिळतात, एक बाजू एकदाच, सरळ रेषेत, दाब न देता, वरून खाली. छप्पर आधी, दाराचा खालचा भाग शेवटी, चाकांना वेगळं फडकं. छोट्या गाडीलाही मला पाच-सहा फडकी लागतात. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी खडा राहतो.

धूळ जास्त असेल तेव्हा मी रिन्सलेस करतो. त्याचं वेगळं लिक्विड मिळतं, ८ लिटरच्या आसपास पाण्यात थोडंसं टाकायचं, नंतर साध्या पाण्याने धुवावं लागत नाही. त्यातलंच थोडं पाणी, गावाकडे फवारणीला वापरतात तसल्या ५ लिटरच्या हातपंपात भरून आधी गाडीवर मारायचं, धूळ निम्मी तिथेच खाली उतरते. म्हणजे एका बादलीत गाडी होते. आणि तसंही आपल्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार आहेत की पाईपने धुवून उन्हात सोडलेल्या गाड्यांवर पांढरे डाग बसलेत, बी विंगसमोरच्या गाड्या बघा.

त्या ओरखड्यांसाठी मी रबिंग पॉलिश करून घेतलं, बरेचसे गेले, पण पॉलिश म्हणजे तोच थर अजून थोडा घासून पातळ करणं, ते दरवर्षी करता येत नाही. हँडलखालचे दोन ओरखडे अजून तसेच आहेत.

म्हणून कमिटीला माझं म्हणणं एवढंच आहे की पॅकेज रोजचं नको, आठवड्यातून दोनदा ठेवा, प्रत्येक गाडीला वेगळी फडकी हे लेखी घ्या, आणि पावसाळ्यात चिखलाच्या गाड्यांना एक बादली पाणी द्या. रविवारी सकाळी ७ ला मी पार्किंगमध्ये माझी गाडी करणार आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी या, येताना मोबाईलचा टॉर्च चालू करून आधी स्वतःचं बोनेट बघून या.