सुया, साप आणि बुटांवरून सापडलेलं पोर

मे महिन्याची सुट्टी लागली रे लागली, की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हजर! पोरांच्या खेळायच्या रंगीत बॉलच्या हौदात साप. नाहीतर सुई. पोरगं कायम तीन वर्षांचं, शहर दरवर्षी नवं, आणि बघितलं कुणी? तर जाऊबाईंच्या शेजारणीच्या भाच्याने. अहो, ही सुई 1990च्या दशकात अमेरिकेत ईमेलवर फिरून म्हातारी झाली!

दुसरी अफवा त्याहून जुनी. डिस्नेलँडमध्ये मूल हरवतं, फाटकं बंद होतात, मग ते बाथरूममध्ये सापडतं. केस कापून रंगवलेले, कपडे बदललेले. आई ओळखते बुटांवरून! चोरांनी कात्री आणली, रंग आणला, रबरी चप्पल आणायला काय धाड भरली होती? आणि म्हणे डिस्नेलँड उभारणाऱ्या वॉल्ट डिस्नेला तिथल्याच चाच्यांच्या राइडखाली गोठवून ठेवलंय. दहन झालंय हो त्यांचं, 1966 सालीच. राइड सुरू झाली 1967मध्ये.

बरं, एवढी काळजी ना? 2019मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या पार्कातली राइड तुटून दोघं गेले. मे 2024मध्ये राजकोटचं गेम झोन जळालं, 27 माणसं गेली. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. हे का नाही कुणी 'सर्व मातांना पाठवा' करत? जत्रेतल्या आकाशपाळण्याचा पाट सुतळीने बांधलाय, दिसतंय ढळढळीत, आणि मेसेजवाल्या मावशीच नातवाला घेऊन रांगेत पुढे! वर मलाच, "चल गं, काही होत नाही!"