शंभर वर्षं टिकवा म्हणे!

‘आजी-आजोबांच्या आठवणी शंभर वर्षं टिकवण्याचे पाच घरगुती उपाय’ हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि आत्या आजोबांची पत्रं पिशवीत भरून दादरच्या झेरॉक्सवाल्याकडे निघालीसुद्धा. तिला अडवलं. पण मेसेज अजून फिरतोय, म्हणून लिहितेय.

उपाय पहिला: पत्रं, फोटो लॅमिनेट करा. अजिबात करू नका! मशीनमध्ये पाऊच शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापतो, आतला गोंद वितळून कागदात मुरतो आणि मग तो सुखासुखी निघत नाही. जुन्या कागदातलं आम्ल आतच कोंडतं, म्हणजे प्लास्टिकच्या आत कागद पिवळा आणि ठिसूळ होतच राहतो. आजोबांची निम्मी पत्रं त्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली आहेत, ओल लागली की अक्षर फुटतं. उद्या गोंद सोडवायला द्रावण लावलं तर उरणार काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने एकेकाळी स्वतःच कागद लॅमिनेट केले होते. आज तेच सांगतात की मूळ कागद लॅमिनेट करू नका.

‘सरकारी अभिलेखागारातही लॅमिनेशन करतात’ हे मेसेजमधलं वाक्य मात्र अर्धं खरं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा (पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा) पडदा, वर टिश्यू कागद आणि तो पडदा विरघळवणाऱ्या ॲसिटोनचा बोळा अशी हाताने करायची पद्धत निघाली होती. पण ती ॲसिटोननेच परत सोडवता यायची. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पाऊचशी तिचं काय नातं? लॅमिनेशनची हौस असेल तर पत्राच्या झेरॉक्स प्रतीला करा.

दुसरा: बाळाची कुंची, झबली डांबराच्या गोळ्यांत ठेवा. कसर लागत नाही, मान्य. पण तीच कुंची न धुता, उन्हात वारा न देता नातवाच्या बारशाला घातली, तर जी६पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांतल्या नॅप्थालीनने फुटू शकतात आणि कावीळ वाढू शकते. ही भीती घालत नाहीये, डॉक्टरांना विचारा.

तिसरा, पैठणीची जर टूथपेस्टने घासा. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि खऱ्या जरीवर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. पुढे बोलायला नको. पैठणी मलमलमध्ये गुंडाळा, अधूनमधून घडी बदला.

चौथा, फोटो उन्हात वाळवा. रंग उडतो. बुरशी आली असेल तर सावलीत नीट कोरडा होऊ द्या.

पाचवा तर कहर आहे: फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो गरम पाण्यात बुडवून सोडवा. मुंबईच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरून काचेला चिकटतो, आणि गरम पाण्यात तोच थर सुटून चेहरा निघून जाईल. चिकटलाय तसाच, काचेसकट स्कॅन करा. अगदीच सोडवायचा असेल तर कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या, झेरॉक्सवाल्याकडे नाही.