सगळे पाणी बदलल्याने नाजूक मासे वाचत नाहीत

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात मासे पाळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘टँकमधील नाजूक मासे कारण नसताना मरत असतील तर टँक पूर्ण रिकामा करावा, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवावा, रात्रभर बादलीत ठेवलेले पाणी भरावे आणि त्यात मूठभर खडेमीठ व निळे औषध टाकावे. टँकमधले गप्पी मासे जगले असतील तर पाण्यात दोष नाही, निऑन टेट्रा हा नाजूक मासा मुळातच अल्पायुषी असतो.’ पाण्यात दोष नसेल तर ते सगळे ओतून का द्यायचे, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्या कोणालाच पडलेला दिसत नाही.

सर्वांत घातक सल्ला खडी आणि स्पंज नळाखाली धुण्याचा आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात. क्लोरीन असलेल्या नळाखाली स्पंज धुतला की ही वसाहत बहुतांशी नष्ट होऊ शकते आणि ती पुन्हा उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि निऑन एकेक करून मरत राहतात. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलका पिळावा.

संपूर्ण नव्हे, निम्मेच पाणी बदलले तर धोका टळतो, असेही नाही. जीवाणूंच्या या कामात आम्ल तयार होते आणि ते आम्ल शमवणारे पाण्यातील कार्बोनेट हळूहळू संपत जाते, म्हणून महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकचा सामू, म्हणजे पीएच, ६ पर्यंत किंवा त्याखाली उतरू शकतो. इतक्या आम्ल पाण्यात जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचतो, पण तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात राहतो. २५ अंश तापमानाला, पीएच ६ असताना, त्यातील विषारी हिस्सा ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे निम्मे पाणी बदलून एकूण अमोनिया अर्ध्यावर आला, तरी नळाच्या ताज्या पाण्याने पीएच वर चढल्यामुळे विष कित्येक पटींनी वाढू शकते. सकाळी पाणी बदलले आणि संध्याकाळी मासे गेले, या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. त्यात ‘पाणी बदलूनसुद्धा मेले’ असे म्हटले जाते. त्यातला ‘सुद्धा’ काढून वाचावे.

रात्रभर बादलीत पाणी ठेवण्याचा सल्ला मात्र अर्धा खरा आहे. साधा क्लोरीन उघड्या बादलीतून सुमारे एका दिवसात उडून जातो, हवेचा दगड सोडला तर त्याहून लवकर. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, असेल तर ते असे उडत नाही. शिवाय बादली पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, बदलत नाही आणि कोल्हापुरात खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे पंचगंगेचे पाणी येते, २०२३ पासून थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचे पाणी आले, आणि कित्येक अपार्टमेंटमध्ये गच्चीवरील टाकीत बोअरचे पाणीही सोडले जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेली तेव्हा शहर टँकरवर होते. नळ तोच असला तरी त्यातून गेल्या महिन्यात आलेले पाणी आणि आज आलेले पाणी एकच आहे, असे गृहीत धरता येत नाही.

मिठाबद्दल एवढेच की नायट्राइट वाढलेले असताना मिठातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही, म्हणून मोजून टाकलेले थोडे मीठ तेव्हा उपयोगी पडते. मूठ हे माप नव्हे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरते. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून वापरावे. मुख्य टँकमध्ये टाकल्यास तेही फिल्टरमधील जीवाणूंवरच उठते.

आता गप्पीची साक्ष. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप विभाग जो मासा साचलेल्या पाण्यात सोडतो, तो जगला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. गप्पी कठीण पाणी, अगदी मचूळ पाणीही सोसतो. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, आम्ल पाण्यातला आहे. नीट सांभाळलेला निऑन पाच वर्षांपर्यंत जगतो, तेव्हा पंधरवड्यात मेलेल्या माशाला अल्पायुषी म्हणणे ही आपली सोय झाली. अपवाद एकच: रंगाचा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी फिका पडत असेल आणि पाठ वाकत असेल तर तो निऑनचा परजीवी रोग असण्याची शक्यता असते. त्यावर खात्रीचा उपाय नाही, असा मासा लगेच वेगळा काढावा.

संदेशात हवेचा तर उल्लेखच नाही. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात आणि ती माशांना व झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. गल्लीत धूर फवारणी होत असताना मी टँकवर ओला टॉवेल टाकतो आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवतो, घरचे हसतात.

गेल्या वर्षी माझ्या दोन फुटी टँकमधील सहा निऑन चार दिवसांत गेले, तेव्हा संदेशातले सगळे उपाय मीही करून बसलो होतो. उरलेल्यांसाठी पाणी तपासायचे किट आणले. धुतलेल्या फिल्टरच्या त्या टँकमध्ये अमोनिया १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) होता, शून्य हवा होता. त्यानंतर पाच आठवडे खाद्य एक दिवसाआड चिमूटभर, रोज पाचवा हिस्सा पाणी बदलणे आणि त्याआधी टँक व बादली दोन्हींचा पीएच मोजणे एवढेच केले. स्पंजला हात लावला नाही.