‘मालिशवाल्या’चं उत्तर

मागच्या पंधरवड्यात ‘एक्स-रे पास, हात नापास’ हा लेख टाकला होता. म्हणणं साधं होतं : मोडलेल्या हातापायात प्लेट किंवा रॉड टाकल्यावर ऑपरेशन कसं झालं, हे एक्स-रे बघून ठरवू नका, सहा महिन्यांनी तो माणूस त्या हातापायानं काय करू शकतो, ते बघून ठरवा. त्यावर ‘हाडांचा सोबती’ या टोपणनावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली आहे, वाचून घ्या. थोडक्यात सांगायचं तर मी सर्जन नाही, मी परदेशी अभ्यास अर्धाच सांगितला, माझ्या लेखामुळे लोक ऑपरेशनला घाबरून हाडवैद्याकडे जातील, एक सालही चुकलं आहे, आणि शेवटी हे वाक्य : ‘हाड जुळलं की सर्जनचं काम संपलं, पुढचं मालिशवाल्यांनी बघावं.’

सुरुवात मात्र ‘ताई, राग मानू नका’ अशी आहे. आमच्या नागपुरात कोणी असं म्हटलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो, कारण आता राग येईल असंच काही ऐकायला मिळणार असतं. तर डॉक्टरसाहेब (आपण डॉक्टर आहात हे आपण लिहिलेलं नाही, पण लपतही नाही), राग आला आहे. एकवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. असहमती रोज ऐकते, धंतोलीपासून सक्करदऱ्यापर्यंतच्या सर्जन मंडळींशी रोज फोनवर वाद घालते, त्यातले निम्मे वाद हरते. पण त्यांच्यापैकी कोणी मला आजवर मालिशवाली म्हटलेलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

आता मालिश हा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे : ‘मोडलेल्या जागी तेल चोळून येऊ नये.’ कोपराला मार लागल्यावर जोरात चोळलं, ओढून सरळ केलं, तर स्नायूतच हाड धरायला लागतं आणि कोपर कायमचं अडकतं. हे आपल्याला माझ्याहून चांगलं माहीत असणार, ऑर्थोच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणजे आपण ज्याला माझा धंदा म्हणता, त्यापासून लोकांना परावृत्त करण्यात माझा अर्धा दिवस जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसात मी सांधा किती वाकतो, त्याचे अंश मोजते. गुडघा आज 70, परवा 74, पुढच्या सोमवारी परत 71, कारण मधे घरी लग्न होतं आणि व्यायाम राहिला.

आणि ‘हाड जुळलं की काम संपलं’ हे आपण कोणाच्या वतीनं बोलता? एओ नावाचा हाडांच्या सर्जन मंडळींचा गट 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये बीलला स्थापन झाला. मी लेखात 1956 लिहिलं होतं, ते चुकलं, आपण दाखवून दिलंत, दुरुस्त केलं आहे, आभार. पण साल पकडताना त्या गटाचं म्हणणंही जरा वाचायचं होतं. त्यांची चार तत्त्वं होती : हाड जागच्या जागी बसवा, ते पक्कं धरा, रक्तपुरवठा जपा, आणि चौथं, सांधा लवकर हलवा. प्लेट-स्क्रूचा सगळा खटाटोप या चौथ्यासाठीच होता. प्लास्टरमध्ये महिनोन् महिने अडकून हाड जुळायचं, पण स्नायू वाळायचे, सांधे आखडायचे. ते टाळायचं होतं. ज्यांनी आपल्या हातात ड्रिल दिलं, त्यांनी काम चौथ्या तत्त्वावर संपवलं. आपण तिसऱ्यावरच हात धुऊन मोकळे झालात.

राहिलं ‘आपल्याला ऑपरेशनचा तिटकारा आहे’ हे वाक्य. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि चहा केला.

1986 साली माझ्या बाबांच्या मांडीचं हाड मोडलं. मी चौथीत होते. तेव्हा त्यांना रॉड मिळाला नाही. जगात तो नव्हता असं नाही, जर्मनीत कीलला कुंट्शरनं मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई ठोकण्याचं काम 1939 मध्येच सुरू केलं होतं. पण आमच्या वॉर्डापर्यंत तो आला नव्हता. नडगीच्या वरच्या टोकातून आरपार पिन, पाय घोडीवर, दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली आणि हाड ताणून धरायला दोरीला विटा. वजनं कमी पडली म्हणून दोन विटा, सुतळीनं बांधलेल्या. वरच्या विटेवर भट्टीचा शिक्का होता, त्यातलं एक अक्षर घासून गेलेलं. डबा घेऊन गेलं की मी त्या विटेसमोरच्या स्टुलावर बसायचे आणि ते अक्षर कोणतं असेल याचा विचार करायचे. बारा आठवडे केला.

हाड जुळलं. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून आईला दाखवली, ‘बघा, किती छान जुळलंय.’ खरंच छान जुळलं होतं. गुडघा मात्र साठ अंशांवर अडला तो अडलाच. बाबा पुन्हा कधी पंगतीत बसले नाहीत. कोणाच्याही लग्नात त्यांच्यासाठी कडेला लोखंडी खुर्ची मांडायची, आणि वाढणारी पोरं त्यांना विसरून पुढे जायची. उकिडवं बसायला गुडघा 130 अंशांच्या पुढे वाकावा लागतो. आमच्या घरी संडास भारतीय पद्धतीचा होता. पुढचं आपण समजून घ्या.

ज्या मुलीनं हे बघितलं तिला रॉडचा तिटकारा असेल? आज तसंच हाड मोडलेला पोरगा ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत वॉकर धरून उभा राहतो तेव्हा मला काय वाटतं, ते आपल्याला कळणार नाही. आपण मला अमेरिकेतल्या सिएटलची 1984 सालची रुग्णांची मालिका ऐकवलीत, मांडीची 520 मोडलेली हाडं, रॉड टाकला, 99.1 टक्के जुळली. कोण नाही म्हणतंय बाप्पा? लेखात मीच मांडीच्या हाडाला रॉडशिवाय पर्याय नाही असं लिहिलं आहे, तिसरा परिच्छेद. पण माझ्या बाबांचंही हाड जुळलंच होतं. त्या 99.1 मध्ये तेही बसले असते.

आणि माझं स्वतःचं. 2019 च्या पावसाळ्यात घरच्या ओल्या पायरीवरून घसरले, उजवं मनगट. प्लेट टाकली. एक्स-रे असा की वर्गात दाखवावा. मी पहिल्याच संध्याकाळी बोटं हलवायला लागले, कारण मला माहीत होतं. शेजारच्या खाटेवर काटोलकडच्या एक बाई होत्या, तेच हाड, तशीच प्लेट, तोच सर्जन. त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं, तर घरचे म्हणाले टाके तुटतील. सहा आठवड्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हात सुजून चकचकीत झालेला, बोटं लाकडी, मूठ अर्धीसुद्धा मिटत नव्हती. ‘हाड जुळलं म्हणते डॉक्टर,’ त्या म्हणाल्या, ‘पण हात त कामाचा नाही राहिला ना.’ कपडा पिळता येत नव्हता, कणीक मळता येत नव्हती. दोघींचे एक्स-रे शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा ते आपल्यालाही ओळखता आलं नसतं. तो सर्जन वाईट नव्हता. त्याचंही काम हाड जुळलं तिथे संपत होतं, एवढंच.

आता बाकीचं. अर्धा अभ्यास सांगितला म्हणता, तर तो फिनलंडचा, 2020 चा. दंडाचं हाड मोडलेले 82 जण, काहींना प्लेट, काहींना नुसता ब्रेस म्हणजे बाहेरून बांधायचा आधार, वर्षाअखेर हाताच्या कामात म्हणण्यासारखा फरक नाही. ब्रेसवाल्यांपैकी सुमारे 30 टक्के लोकांवर वर्षाच्या आत शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हे मी लिहिलं नाही. बरं, नाही लिहिलं. लेख आधीच लांब झाला होता. याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

मोजमाप शास्त्रीय प्रश्नावलीनं होतं, पंगतीनं नाही, असा टोमणाही आहे. मनगटाची ती प्रश्नावली मी स्वतः भरली आहे. ब्रिटनमध्ये मनगट मोडलेल्या 461 लोकांवर हाड तारेनं धरणं आणि प्लेटनं धरणं यांची तुलना झाली, 2014 साली छापून आली, वर्षभरानंतर दोन्हींत फरक नाही असं निघालं, ते याच प्रश्नावलीवर. तिच्यात एक प्रश्न आहे : त्या हातानं सुरीनं मांस कापता येतं का? नागपूरकराला विचारा. सावजीचं मटण सुरीनं कापणारा माणूस मला एकवीस वर्षांत भेटलेला नाही, आणि प्लेटनंतर रश्श्यात भाकरी चुरता येत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलेले तीन भेटलेत.

हाडवैद्याचं तेवढं मागे घ्या. बांबूच्या कामट्या आवळून बांधलेला, बोटं काळी पडलेला हात मीही बघितला आहे, आणि त्या पोराला माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेलं आहे. माझ्या लेखात ‘ऑपरेशन टाळा’ असं एक वाक्य दाखवा. दाखवता येत नसेल तर पुढच्या वेळी ‘तुमच्यासारख्यांमुळे’ लिहिण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचत जा. तेवढीही सवड नसेल तर लिहू नका.

हो, ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालं, माझ्या लक्षात आहे. प्रतिक्रिया मी काढणार नाही, मालिशवाल्यांसकट राहू दे. साडेचार वाजलेत, उमरेड रोडचा गुडघा बाहेर येऊन बसला आहे, परवा 74 होता.