ढोबळी मिरचीचे पाय मोजणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र फिरत येतं. दोन ढोबळ्या मिरच्या उलट्या ठेवलेल्या. मजकूर साधारण असा: खाली तीन उंचवटे असतील तर मिरची नर, बिया कमी, ती शिजवायला घ्यावी. चार असतील तर मादी, बिया भरपूर, चवीला गोड, ती कच्ची खावी. परवा मंडईत एक काकू खरोखरच एकेक मिरची उलटी करून पाय मोजत होत्या आणि भाजीवाली कपाळाला आठ्या घालून बघत होती. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट, 'नर फळ' असं काही नसतंच. फळ म्हणजे फुलातला अंडाशय वाढून झालेली वस्तू, आणि अंडाशय हा फुलाचा मादी भाग. नर भाग म्हणजे पुंकेसर. परागकण मोकळे केले की त्यांचं काम संपलं. ते सुकून गळतात, त्यांचं फळ होत नाही.

मग सगळ्याच मिरच्या मादी का? तसंही नाही. माझ्या कुंडीतल्या ढोबळीचं फूल परवा हातात घेऊन पाहिलं. पांढरं, खाली मान घातलेलं, सहा पाकळ्यांचं. आत जांभळट-निळसर परागकोशांचं कडं आणि मधून डोकावणारी काडी, म्हणजे कुक्षीवृंत. तिच्या टोकाला किंचित चिकट कुक्षी. पाकळ्या नखाने बाजूला केल्या की तळाशी मण्याएवढा हिरवा अंडाशय. नर आणि मादी एकाच घरात. याला द्विलिंगी फूल म्हणतात, आणि मिरचीची फुलं अशीच असतात. फूल नुसतं वाऱ्याने हललं तरी त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीवर पडू शकतात. मधमाशी आली तर शेजारच्या झाडाचेही येतात.

आता पाय. मिरचीचा अंडाशय दोन, तीन किंवा चार कप्पे एकमेकांना जोडून बनलेला असतो. मिरची आडवी कापा, आतले पांढरे पडदे मोजा. बहुतेक वेळा जितके कप्पे तितके उंचवटे. हा आकडा फूल कळीत असतानाच ठरतो, पराग यायच्या कितीतरी आधी. तो ठरवते जात आणि त्या वेळचं हवामान. म्हणून तर एकाच झाडावर तीन पायांची आणि चार पायांची मिरची शेजारी-शेजारी लटकताना दिसते. चित्र बनवणाऱ्याने एकदा झाड पाहिलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती.

बियांचा हिशोबही पायांवर नाही. अंडाशयातल्या प्रत्येक बीजांडाला स्वतंत्र परागकण लागतो. तो कुक्षीवर रुजतो, त्याची बारीक नळी कुक्षीवृंतातून खाली उतरते, बीजांडापर्यंत पोहोचते, तेव्हा कुठे एक बी धरते. थंडीमुळे किंवा आणखी कशामुळे पराग नीट पडले नाहीत, तर बिया कमी आणि मिरची बऱ्याचदा वेडीवाकडी.

आणि गोडी? हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ. तीच झाडावर राहून लाल किंवा पिवळी झाली की साखर वाढते. गोड हवी असेल तर रंग बघा.

याच मजकुराचा एक जोडभाग वांग्यावर आहे: बुडाशी गोल टिंब असेल तर नर, लांबट रेघ असेल तर मादी. ते टिंब किंवा रेघ म्हणजे फूल गळून पडल्याचा वण, बाकी काही नाही. गंमत अशी, की वांग्याच्या झाडावर नरासारखी वागणारी फुलं खरंच असतात. त्यांचा कुक्षीवृंत आखूड राहतो, अंडाशय नीट वाढत नाही. पण ती फळ न धरताच गळतात. म्हणजे ज्याला 'नर वांगं' म्हणता येईल, ते बाजारात येऊच शकत नाही!

नर-मादीचा शोधच घ्यायचा असेल तर भोपळ्याच्या वेलाकडे जा. तिथे फुलं खरोखर वेगळी: मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीपासून दिसतो, नर फूल नुसतं देठावर. गच्चीवर बाग करणारे 'फुलं येतात पण गळतात' म्हणून हळहळतात, ती बहुधा हीच नर फुलं. करटुल्यात तर वेलच वेगळे, नराचा निराळा आणि मादीचा निराळा. पपईतही नर झाडं, मादी झाडं आणि द्विलिंगी झाडं असतात.

राहता राहिली मिरचीत कधीकधी सापडणारी छोटी मिरची, जिच्यावरून 'बघा, मादीच होती!' असं सांगतात. ते मिरचीचं पिल्लू नव्हे. आतल्या पेशींची वाढ चुकीच्या वळणावर गेली की अंडाशयातच अंडाशयासारखा दुसरा गोळा होतो. खायला काहीच हरकत नाही.

काकूंना मी हे सगळं तिथेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल बाबा, पण मला भरली मिरची करायची आहे, चार पायांची कढईत नीट बसते." यावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. तिपाई डगमगत नाही, एवढं मात्र म्हणून पाहिलं.