'खेळणं' या शब्दाबद्दल

नमस्कार.

कुमशेत गावच्या मुक्कामावर मी जो लेख लिहिला, त्याखालची तुमची लांबलचक प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड चालताना पाठीवर हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने दूरवर बोलायचा संच, वाहणं म्हणजे निव्वळ मिरवणं आहे. बॅटरीचा हिशोब चुकला आहे. "दरीत बसून ५ वॅटच्या खेळण्यातून आवाज समोरच्या टेकडीपलीकडे तरी जातो का?" असे लेख वाचून नवी पोरं एक वॉकीटॉकी घेतील आणि बेफिकीर होतील. परवान्याबद्दल मी नीट लिहिलेलं नाही. आणि खरंच सुरक्षिततेची काळजी असेल तर सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र, घ्यावा.

आधी माझी चूक सांगतो. ३ अँपिअर-अवरची बॅटरी 'रात्रभर पुरते' असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. माझा यासू कंपनीचा एफटी-८१७ रेडिओ नुसतं ऐकताना साधारण ०.४ अँपिअर खातो आणि ५ वॅटवर बोलताना २ च्या आसपास. बराच वेळ ऐकलं आणि थोडंच बोललं, तर जेमतेम ५ तास. हे तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

पण 'खेळणं'? नुसता मतभेद असता तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. एखाद्याने पंचवीस वर्षांहून जास्त काळ जिवापाड सांभाळलेल्या गोष्टीला, त्याची ओळखदेख नसताना, खेळणं म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? 'मिरवणं' तर त्याहून लागलं. त्या रात्री गावाबाहेर खाचराच्या कडेला तंबूत आम्ही दोघेच होतो. मिरवायचं कुणापुढे?

आता तुमचं दरीचं वाक्य. तुमच्या डोळ्यापुढे हातात धरायचा वॉकीटॉकी आहे. आम्हा हॅम लोकांचा तसला हँडसेट बहुतेक वेळा १४४ मेगाहर्ट्झच्या पुढे चालतो. त्याच्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावरून, समोर आडवं काही नसेल तर, तोच हँडसेट १०० किलोमीटर बोलतो आणि कुमशेतच्या खोलगटीत मुका होतो. हे मला ठाऊक आहे, आणि लेखात मी हँडसेटबद्दल अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

मी लिहिलं होतं ते ४० मीटर बँडबद्दल, म्हणजे ७ मेगाहर्ट्झबद्दल. तिथे अँटेना म्हणजे सुमारे २० मीटर साधी वायर. माशांच्या गळाची फायबरची काठी मधोमध उभी करायची, वायरीची दोन्ही टोकं दोरीने उतरती बांधायची, झालं. एरवी अँटेना जितकी उंच तितकी बरी म्हणतात. इथे नेमकं उलटं. जमिनीपासून ४-५ मीटरवरच ठेवली की तिचा बराचसा जोर सरळ आभाळाकडे जातो. वर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, एफ नावाचा थर असतो. दिवसा उन्हामुळे तो इतका भारित असतो की ७ मेगाहर्ट्झची लहर खाली परतवतो, आणि परत येताना ती छत्रीसारखी चहूकडे २००-३०० किलोमीटर पसरते. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला चेंडू द्यायचा तर आपण तो भिंतीवर मारत नाही, वरून टाकतो. कात्राबाईचा डोंगर या लहरीच्या वाटेत येतच नाही. कुमशेतहून नाशिक सरळ रेषेत साठेक किलोमीटर, पुणं शंभराच्या जरा पुढे. दोन्हीकडे मी त्या खोऱ्यातून बोललो आहे, याच ५ वॅटवर. रात्र चढली की थर विरळ होतो, जवळची केंद्रं बुडतात आणि दूरची वर येतात. तेव्हा नाशिक मिळत नाही. हेही लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

१९९७ साली मी हॅमच्या परवान्याची परीक्षा दिली. ग्रेड टू या परवान्यासाठी तेव्हा मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, ऐकून लिहावं लागायचं आणि पाठवूनही दाखवावं लागायचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चमच्याने डा-डिट वाजवत मी ते शिकलो. आई वैतागायची, वडील शेजारी बसून अक्षरं ओळखायचा प्रयत्न करायचे. एखाद्या खेळण्यासाठी इतकं कुणी करत नाही.

आणि सप्टेंबर २०११. कात्राबाईची खिंड उतरताना माझ्या मित्राचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि घोटा मोडला. दोघांच्याही मोबाईलला रेंज नव्हती. सकाळचे दहा वाजत आले होते. एक गुराखी पोरगा माणसं आणायला गावाकडे पळाला. मी तिथेच वायर ताणली आणि रेडिओवर दोन हॅमचं बोलणं चाललं होतं त्यात फट बघून 'ब्रेक, इमर्जन्सी' म्हणालो. पुण्याच्या एका हॅमने माझी हाक पकडली. माझा आवाज त्याच्याकडे अगदी बारीक पोचत होता, म्हणून तो प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचा: जागा कुठली, माणसं किती, शुद्धीवर आहे का, गाडी कुठवर येईल. मग त्याने फोन लावायला सुरुवात केली. मित्राला खाली आणलं ते कुमशेतच्या चौघांनी, घोंगडी आणि बांबूच्या झोळीतून, निसरड्या वाटेने, एकदाही न आदळता. त्यांच्या उपकारांपुढे कुठलंच यंत्र उभं राहत नाही. पण आम्ही गावात पोचलो तेव्हा राजूरहून आलेली जीप तिथे उभी होती. ती त्या ५ वॅटने आणली होती. या वेळी कुमशेतला तंबूत माझ्याबरोबर जो दुसरा माणूस होता, तो हाच. त्याच पायाने खिंड उतरून आला होता.

बाकीचं भराभर. नव्या पोरांचं म्हणाल, तर ज्याला बेफिकीर व्हायचंय तो कमरेला दोर बांधूनही होतो; त्याचं खापर माझ्या लेखावर कशाला? परवान्याची ओळ लेखात होती. पुन्हा लिहितो: परीक्षा, परवाना आणि कॉलसाइन (हॅमचं हवेतलं ओळखनाव) नसताना हॅमच्या लहरींवर बोलणं बेकायदा आहे.

सॅटेलाइट मेसेंजरचा सल्ला मात्र असा सोडवत नाही. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसा मेसेंजर बाळगणं हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अशा यंत्रापायी पोलिसांना तोंड द्यावं लागलं आहे. एका परिच्छेदात मला परवान्यावरून झापायचं आणि पुढच्याच परिच्छेदात वाचकांना हे सुचवायचं? लिहिण्यापूर्वी थोडी माहिती काढायला हवी होती तुम्ही.

बॅटरीचं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवली आहे, 'खेळणं' या शब्दासकट. माझ्या मित्राने ती अजून वाचलेली नाही, आणि त्याने ती वाचू नये असं मला मनापासून वाटतं.